तापलेला धातू पाण्यात टाकल्यावर शेवटचं तापमान मधोमध का येत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अकरावी सायन्सच्या एका विद्यार्थ्याला हे गणित मिळालं आहे: ६७.२ ग्रॅमचा धातूचा तुकडा उकळत्या पाण्यात ठेवून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि २५ अंशांच्या ५० मिली पाण्यात टाकला. मिश्रणाचं तापमान ३३.३ अंशांवर स्थिर झालं. हाच तुकडा गार असताना मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडला तेव्हा पाण्याची पातळी ५० मिलीवरून ५७.५ मिलीवर गेली. धातू कोणता? त्याच्या शंका तीन. १०० आणि २५ यांची सरासरी ६२.५ येते, मग तापमान ३३.३ वरच का थांबलं? विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) एकदा २.५८ आली, एकदा ऋण आली, चूक कुठे? आणि घनतेचं सूत्र कधी वापरायचं, उष्णतेचं कधी?

तू सूत्रांबद्दल विचारलं आहेस, पण तुझी अडचण सूत्रांची नाही. सूत्रं दोनच आहेत (घनता = वस्तुमान ÷ आकारमान, आणि उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला बदल) आणि ती तुला येतात. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी: या गणितात दोन वस्तू आहेत, दोन्हींचं वस्तुमान वेगळं, पदार्थ वेगळा, तापमानातला बदल वेगळा, आणि तू कुठला आकडा कोणाचा हे न लिहिता सगळे एकाच ओळीत भरतोस. ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवताना मी पाहिलं आहे की या धड्यातल्या बहुतेक चुका गणिताच्या नसतात, मालकीच्या असतात. आकडा कोणाचा हे विसरलं की सूत्र आपोआप चुकतं.

सरासरीची शंका आधी घेऊ, कारण तीच मुळाशी आहे. सरासरी काढताना आपण नकळत असं धरतो की धातूला एक अंश गार व्हायला जेवढी उष्णता सोडावी लागते, तेवढीच पाण्याला एक अंश तापायला लागते. तसं आहे का? एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ जूल लागतात. तांब्याला ०.३८५ जूल पुरतात, लोखंडाला ०.४५, ॲल्युमिनियमला ०.९०, शिशाला जेमतेम ०.१३. म्हणजे तुझ्या ५० ग्रॅम पाण्याला दर अंशाला २०९ जूल लागतात. तुकडा तांब्याचा धरला, तर ६७.२ ग्रॅमचा तो तुकडा दर अंशाला सुमारे २६ जूलच सोडतो. पाणी साधारण आठपट भारी पडलं. सुरुवातीचं अंतर ७५ अंशांचं होतं. त्याचे नऊ भाग कर: आठ भाग धातू खाली येईल, एक भाग पाणी वर जाईल. पंचाहत्तरचा नववा भाग ८.३, म्हणून २५ अधिक ८.३, बरोबर ३३.३. हे तोंडी होतं, आणि पेन उचलण्याआधी हा अंदाज बांधायची सवय तुला मार्कांच्या पलीकडेही उपयोगी पडेल.

मग सरासरी कधी बरोबर येते? दोन्ही बाजूंचा दर अंशाचा आकडा सारखा असेल तेव्हाच. सारख्याच वस्तुमानाचं गरम आणि गार पाणी मिसळलं तर येते. किंवा तुझ्या ५० ग्रॅम पाण्यात सुमारे ५४३ ग्रॅम तांबं टाकलं असतंस, तर ६२.५ अंश मिळाले असते. (एवढं तांबं त्या पाण्यात पूर्ण बुडालं असतं का, हे घनतेने काढून बघ. प्रश्न छान आहे.)

आता २.५८ कुठून आलं ते. तू लिहिलं नाहीस, पण आकड्यावरून कळतं. तू तापमानातल्या फरकांना २७३ मिळवलेस. पाण्याची वाढ ८.३ ची तू २८१.३ केलीस, धातूची घट ६६.७ ची ३३९.७ केलीस, आणि भागाकार २.५८ आला. केल्विन करताना २७३ मिळवायचे ते तापमानाला, फरकाला नाही. ३३.३ आणि २५ या दोन्हींना २७३ मिळवून वजाबाकी केलीस तर फरक पुन्हा ८.३ च येतो. या धड्यात सगळे बदलच लागतात, त्यामुळे सेल्सिअसमध्येच राहा, केल्विनच्या वाटेला जायचं कारणच नाही. आणि २.५८ हे उत्तर दिसताक्षणीच खटकायला हवं होतं. नेहमीच्या वापरातल्या तांबं, लोखंड, जस्त, शिसं, चांदी, सोनं, ॲल्युमिनियम यांपैकी कोणाचीही विशिष्ट उष्माधारकता १ च्या वर नाही. एवढं एक वाक्य लक्षात असेल तरी निम्म्या चुका स्वतःच्या स्वतः पकडता येतात.

ऋण उत्तराचं कारण साधं आहे. धातूसाठी तू शेवटचं वजा सुरुवातीचं तापमान घेतलंस, ते उणे ६६.७ आलं, पाण्यासाठी अधिक ८.३ आलं, आणि मध्ये नुसतं बरोबरचं चिन्ह टाकलंस. चिन्हांची पद्धत वापरायची तर दोन्हींची बेरीज शून्य लिहावी लागते. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना ते करूच देत नाही. त्यांना शब्दांत लिहायला लावते: धातूने गमावलेली उष्णता = पाण्याने घेतलेली उष्णता. मग दोन्हीकडे मोठ्यातून लहान वजा करायचं. चिन्हाचा प्रश्नच उरत नाही.

तुझं गणित असं मांड:

धातूने गमावलेली = ६७.२ × (धातूची वि. उ.) × (१०० − ३३.३)

पाण्याने घेतलेली = ५० × ४.१८ × (३३.३ − २५) = १७३५ जूल

६७.२ × ६६.७ म्हणजे ४४८२. १७३५ ला ४४८२ ने भाग, उत्तर ०.३८७ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश.

इथे ५० मिली पाणी म्हणजे ५० ग्रॅम असं आपण गृहीत धरलं. घनतेचा हा पहिला वापर, आणि तो गणितात लपलेला असतो. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७ असते, म्हणून ५० मिली म्हणजे ४९.८५ ग्रॅम. तो फरक सोडून दे. पण गणितात '८० अंशांचं ५० मिली पाणी' असं असेल तर घनता ०.९७२ होते आणि वस्तुमान ४८.६ ग्रॅम भरतं, जवळपास तीन टक्के कमी. तक्ता दिला असेल तर वापर, नसेल तर १ धर आणि तसं एका ओळीत लिही. तपासणाऱ्याला तू काय गृहीत धरलंस ते दिसलं पाहिजे.

घनतेचा दुसरा वापर उघड आहे. ५७.५ वजा ५० म्हणजे ७.५ मिली, आणि ६७.२ भागिले ७.५ म्हणजे ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंमी. तक्त्यात तांब्यासमोर हाच आकडा. गणिताच्या कागदावर उत्तर इथेच संपतं: तांबं.

प्रयोगशाळेत मात्र संपत नाही, आणि मला इथे जरा थांबायचं आहे. मेजरिंग सिलिंडरवर एक-एक मिलीच्या खुणा असतील तर दोन्ही वाचनं मिळून अर्ध्या मिलीची चूक सहज होते. आकारमान ७ ते ८ मिलीच्या मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे घनता ८.४ ते ९.६. या पट्ट्यात पितळ (८.४ ते ८.७) आहे, निकेल (८.९१) आहे, तांबं (८.९६) आहे. लोखंड ७.८७ आणि जस्त ७.१४, ते तेवढे बाहेर पडले. उष्णतेच्या बाजूलाही तेच. थर्मामीटर अर्ध्या अंशाने इकडेतिकडे वाचला तर ०.३८७ च्या जागी ०.३६ ते ०.४१ मधलं काहीही येतं. त्यात तांबं (०.३८५) बसतं, जस्त (०.३८८) बसतं, पितळ (सुमारे ०.३८) बसतं. निकेल (०.४४) आणि लोखंड (०.४५) बाहेर.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेव. घनतेला तांबं आणि निकेल वेगळं करता येत नाही, ते विशिष्ट उष्माधारकतेने होतं. विशिष्ट उष्माधारकतेला तांबं आणि जस्त वेगळं करता येत नाही, ते घनतेने होतं. सोनं आणि शिसं घे: दोघांची विशिष्ट उष्माधारकता ०.१३ च्या आसपास, पण घनता १९.३ आणि ११.३. म्हणून 'घनतेचं सूत्र की उष्णतेचं' या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तो पर्यायाचा प्रश्नच नाही. गणित करणाऱ्याने दोन्ही मापं दिली आहेत, कारण एकटं कुठलंच पुरत नाही.

जस्त आणि तांब्याचं जुळणं योगायोग नाही. १८१९ मध्ये फ्रान्समध्ये द्यूलाँ आणि पेती या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्माधारकता आणि अणुभार यांचा गुणाकार बहुतेक वेळा जवळपास तोच येतो. आजच्या एककांत तो सुमारे २५ जूल प्रति मोल प्रति अंश आहे. शिशासाठी करून बघ: ०.१२९ × २०७ = २६.७. ॲल्युमिनियम: ०.८९७ × २७ = २४.२. याचा अर्थ एकेका अणूमागे धातूंना लागणारी उष्णता साधारण सारखीच आहे. शिशाचे अणू जड, म्हणून एका ग्रॅममध्ये ते थोडे, म्हणून ग्रॅममागे उष्णता कमी. तांब्याचा अणुभार ६३.५, जस्ताचा ६५.४, मग त्यांची विशिष्ट उष्माधारकता जवळजवळ सारखी असणारच. तुझ्या ०.३८७ वरून उलटं गेलास तर २५ भागिले ०.३८७ म्हणजे ६५ येतं. धातू कोणता हे नक्की कळत नाही, पण कुठल्या गल्लीत शोधायचं ते कळतं.

उरलं पितळ. तांबं आणि पितळ या दोन्ही मापांनी जेमतेमच वेगळे दिसतात. तुकडा समोर असेल तर रंग सांगेल, पण मापानेच ठरवायचं असेल तर आकारमान सिलिंडरने मोजू नकोस. डिजिटल वजनकाट्यावर पाण्याचा बीकर ठेव, काटा शून्य कर. तुकडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धर. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचा नाही, आणि कडेला चिकटलेले हवेचे बुडबुडे दोरा हलवून सोडवायचे. काटा आता जे दाखवेल ते तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान, म्हणजेच तुकड्याचं आकारमान मिलीमध्ये. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत वाचत असेल तर ७.५ च्या जागी ७.४ ते ७.६ एवढीच शंका उरते आणि घनता ८.८ ते ९.१ मध्ये बांधली जाते. पितळ बाहेर. निकेलला उष्णतेने आधीच बाहेर काढलं होतं. आता मी 'तांबं' असं म्हणायला तयार आहे.

प्रयोगात उष्णतेचा आकडा का बिघडतो तेही सांगते, कारण 'उत्तर पुस्तकातल्यासारखं येत नाही' ही तक्रार दरवर्षी येते. सगळ्यात मोठा दोषी म्हणजे धातूला चिकटून आलेलं उकळतं पाणी. समज एक ग्रॅम पाणी तुकड्याबरोबर आलं. ते १०० वरून ३३.३ पर्यंत उतरताना १ × ४.१८ × ६६.७ म्हणजे २७९ जूल सोडतं. तुकड्याने एकूण सोडले १७३५. एका ग्रॅम पाण्याने सोळा टक्के घोळ घातला! म्हणून उकळत्या पाण्यात तुकडा थेट टाकण्यापेक्षा कोरड्या परीक्षानळीत ठेवून ती नळी उकळत्या पाण्यात धरावी, आणि मग तुकडा झटकन ओतावा. दुसरं, भांडं. तांब्याचा कॅलरीमीटर (ज्यात हा प्रयोग करतात ते भांडं) ढवळणीसकट ६० ग्रॅमचा असेल तर तो दर अंशाला २३ जूल घेतो, साडेपाच ग्रॅम पाण्याएवढं. तो हिशेबात घ्यावाच लागतो. थर्माकोलच्या पेल्याचं वजन इतकं कमी की तो सोडला तरी चालतो. तिसरं, १०० अंश हे गृहीत. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. थर्मामीटर लावून वाच, शंभर लिहून मोकळा होऊ नकोस.

परीक्षेच्या गणितात यातलं काय धरायचं? जे दिलं आहे तेवढंच. कॅलरीमीटरचं वस्तुमान दिलं असेल तर तो पाण्याच्या बाजूला, म्हणजे घेणाऱ्यांत, जोडायचा आणि त्याचंही सुरुवातीचं तापमान पाण्याचंच मानायचं. काही दिलं नसेल तर उष्णता बाहेर गेली नाही असं धरायचं.

आता जिथे हे सगळं मोडतं त्या जागा. ५०० अंशांचं १०० ग्रॅम लोखंड २५ अंशांच्या ५० ग्रॅम पाण्यात टाकलं, शेवटचं तापमान काढा. सरळ सूत्राने १०९ अंश येतात. उघड्या भांड्यातलं पाणी १०९ अंशांवर पाणी म्हणून राहत नाही, म्हणजे उत्तराने स्वतःच सांगितलं की काहीतरी सुटलं आहे. अशा वेळी १०० अंशांवर थांबायचं आणि हिशेब तुकड्या-तुकड्यांनी करायचा. लोखंड १०० पर्यंत येताना १०० × ०.४५ × ४०० = १८,००० जूल सोडतं. पाण्याला १०० पर्यंत जायला ५० × ४.१८ × ७५ = १५,६७५ जूल लागतात. उरले २,३२५. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला २,२६० जूल लागतात, म्हणून साधारण एक ग्रॅम पाण्याची वाफ होते आणि बाकी सगळं १०० अंशांवर थांबतं. बर्फाचंही असंच: १०० अंशांचं १०० ग्रॅम तांबं शून्य अंशाच्या पुरेशा बर्फावर ठेवलं तर ३,८५० जूल मिळतात, बर्फ वितळायला ग्रॅममागे ३३४ लागतात, साडेअकरा ग्रॅम बर्फ वितळतो आणि तापमान शून्यावरच राहतं.

आणखी एक सापळा रसायनशास्त्राचा, भौतिकशास्त्राचा नव्हे. धातू पाण्याशी अभिक्रिया करत असेल तर उष्णता तापलेल्या धातूतून नाही, अभिक्रियेतून येते. २५ अंशांचं सोडियम २५ अंशांच्याच पाण्यात पडलं तर आपलं सूत्र म्हणेल की तापमान बदलणारच नाही. प्रत्यक्षात २.३ ग्रॅम सोडियममागे सुमारे १८ किलोजूल सुटतात आणि अर्धा लिटर पाणी नऊ अंशांच्या आसपास तापतं. (हे कागदावरच. एवढं सोडियम पाण्यात टाकणं धोक्याचं आहे, हायड्रोजन पेट घेतो.) घनतेतही अभिक्रिया फसवते. सोडियमची घनता ०.९७, म्हणून ते पाण्यावर तरंगतं आणि ०.८ घनतेच्या रॉकेलमध्ये बुडून सुरक्षित राहतं, हे सरळ. पण कॅल्शियमची घनता १.५५ असूनही तो पाण्यात टाकल्यावर थोड्या वेळाने वर येतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटतात. तरंगतो म्हणून घनता एकपेक्षा कमी, असं तिथे लिहिलंस तर चूक.

आता हे एक स्वतः कर. प्रत्येकी १० घन सेंमीचे दोन ठोकळे, एक तांब्याचा, एक ॲल्युमिनियमचा. दोन्ही १०० अंशांना तापवून वेगवेगळ्या भांड्यांत, २५ अंशांच्या १०० मिली पाण्यात टाकले. कुठलं पाणी जास्त तापेल? ग्रॅममागचा आकडा ॲल्युमिनियमचा दुपटीहून मोठा आहे, म्हणून वर्गात बहुतेक हात ॲल्युमिनियमसाठी वर जातात. पण इथे सारखं आकारमान दिलं आहे, वस्तुमान नाही. आधी घनतेने ग्रॅम काढ, ८९.६ आणि २७.०, मगच उष्णतेकडे वळ. तांब्याच्या भांड्यात ३०.७ अंश यायला हवेत, ॲल्युमिनियमच्या भांड्यात २९.१. वेगळं काही आलं तर तुझ्या सगळ्या पायऱ्या इथे लिही, म्हणजे कुठे अडलं ते बघता येईल.